तोंडातले ठिपके, डाग, गाठी : कोणते निरुपद्रवी आणि कोणते डॉक्टरांना दाखवायलाच हवेत?

ब्रश करताना किंवा वुजूच्या वेळी चूळ भरताना जीभ अचानक कुठेतरी अडते. गालाच्या आत काहीतरी खरखरीत लागतं. आरशात बघितलं तर ओठाच्या आतल्या बाजूला बारीक पिवळसर दाणे दिसतात. मग मोबाइल हातात येतो, शोध सुरू होतो आणि पाच मिनिटांत माणूस कॅन्सरपर्यंत पोहोचतो. त्या रात्री झोप लागत नाही.

त्याच घरात दुसरं चित्रही असतं. अब्बांच्या गालाला आतून सहा-आठ महिन्यांपासून एक पांढरा चट्टा आहे. तंबाखू तिथेच धरायची सवय. दुखत नाही, म्हणून कोणाला सांगितलेलं नाही. तोंड पूर्वीसारखं उघडत नाही, पण "वय झालं आता" म्हणून विषय संपतो.

म्हणजे ज्याला काही झालेलं नाही तो घाबरलेला असतो, आणि ज्याने आजच दवाखाना गाठायला हवा तो निवांत असतो. ही अदलाबदल थांबावी म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत. तोंडात नैसर्गिकपणे काय काय असतं, कोणते ठिपके आयुष्यभर राहिले तरी चालतात आणि कोणत्या खुणांना दोन आठवड्यांपेक्षा जास्त वेळ द्यायचा नाही, हे एका ठिकाणी सांगण्याचा हा प्रयत्न आहे. लेख वाचून कोणी स्वतःच स्वतःचा डॉक्टर होऊ नये, एवढी विनंती सुरुवातीलाच करतो.

आधी ओळखून घ्या : हे आजार नाहीत

१. ओठावर आणि गालात पिवळसर बारीक दाणे

यांना फोर्डाइस स्पॉट्स म्हणतात. जॉन फोर्डाइस या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने 1896 साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव पडलं. आपल्या कातडीत केसांच्या मुळाशी तेलाच्या ग्रंथी असतात. तशाच ग्रंथी काही जणांच्या ओठाच्या कडेला आणि गालाच्या आतल्या अस्तरात असतात. तिथे केस नसतात, त्यामुळे त्या ग्रंथी रव्याच्या दाण्यासारख्या वर दिसतात. आकार साधारण 1 ते 2 मिलिमीटर, रंग पांढरट-पिवळा. कधी एकटे, कधी पन्नास-शंभरचा पुंजका. गाल ताणला की जास्त स्पष्ट दिसतात. दुखत नाहीत, खाजत नाहीत, रक्त येत नाही.

मोठ्या माणसांमध्ये 70 ते 80 टक्के लोकांना हे दाणे असतात. लहानपणीही त्या ग्रंथी असतात, पण वयात येताना हार्मोन्समुळे मोठ्या होतात आणि तेव्हाच नजरेस पडतात. म्हणूनच सतरा-अठरा वर्षांची मुलं-मुली घाबरतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण अनेक तरुण ती कोणाला विचारू शकत नाहीत. हे दाणे म्हणजे गुप्तरोग नाही. ते कोणाकडून लागत नाहीत आणि आपल्याकडून कोणाला लागतही नाहीत. निकाह ठरल्यावर मुलाच्या किंवा मुलीच्या ओठावर असे दाणे दिसले म्हणून शंका घेण्याचं काहीच कारण नाही. त्यांना इलाज लागत नाही. नखाने फोडू नका, टूथपेस्ट किंवा लिंबू चोळू नका. त्याने दाणे जात नाहीत, उलट जखम होते.

२. गालाच्या आत आडवी पांढरी रेघ

वरचे आणि खालचे दात जिथे मिळतात, त्या उंचीवर गालाच्या आत मागून पुढे जाणारी एक पांढरी रेघ असते. दातांचा दाब आणि घासणं यामुळे अस्तर तिथे थोडं जाड होतं. हाताला काम करून घट्टा पडतो, तसाच हा प्रकार. दोन्ही बाजूंना असते. रात्री दात खाणाऱ्यांना आणि परीक्षेच्या किंवा कामाच्या ताणात गाल चावणाऱ्यांना ती जास्त ठळक दिसते.

३. दुधाळ पांढरट झाक

काहींच्या दोन्ही गालांचं अस्तर आतून दुधाची पातळ साय पसरल्यासारखं दिसतं. ओळखायची खूण सोपी आहे. दोन बोटांनी गाल बाहेरच्या बाजूला ताणा. झाक नाहीशी झाली, सोडल्यावर परत आली, तर तो शरीराच्या ठेवणीचा भाग आहे. सावळ्या वर्णाच्या लोकांत आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत ही झाक जास्त दिसते. मात्र ताणूनही जागचा हलत नाही असा पांढरा चट्टा वेगळा. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

४. वरच्या दाढेसमोर गालात छोटा उंचवटा

वरच्या मोठ्या दाढांपैकी दुसऱ्या दाढेच्या समोर, गालाच्या आत एक मऊ टोक लागतं. कानाजवळच्या लाळग्रंथीची नळी तिथे उघडते. चिंच किंवा लोणचं आठवलं की तिथूनच लाळ सुटते. दोन्ही गालांत सारखंच असेल तर चिंता नाही. एका बाजूला जेवताना गाल सुजत असेल, दुखत असेल, तर नळीत खडा असू शकतो. तेव्हा दाखवून घ्या.

५. जिभेच्या मागे मोठे दाणे

घसा दुखतो म्हणून माणूस आरशासमोर जीभ खूप बाहेर काढतो आणि मागे गोल गोल दाणे बघून हादरतो. ते चव ओळखणारे उंचवटे आहेत. जिभेच्या मागच्या भागात इंग्रजी व्ही अक्षरासारख्या रांगेत साधारण 8 ते 12 असतात आणि सगळ्यांनाच असतात. जिभेच्या दोन्ही कडांना मागच्या बाजूला उभ्या घड्या दिसतात, त्याही नैसर्गिक. पण लक्षात ठेवा : जिभेची कड ही कॅन्सरची एक नेहमीची जागाही आहे. दोन्ही कडा सारख्या आहेत का, हे बघा. एकाच बाजूला काही वेगळं वाढलेलं असेल तर अंदाज करत बसू नका.

६. नकाशासारखी जीभ, भेगांची जीभ

जिभेवर लाल गुळगुळीत चट्टे, त्यांना पांढरट किनार, जणू नकाशावरचे देश. आज एका जागी, चार दिवसांनी दुसऱ्या जागी. ही नकाशासारखी जीभ साधारण शंभरातल्या एक ते तीन जणांना असते, लहान मुलांनाही असते. तिखट-मसालेदार खाल्लं की थोडी जळजळ होते, एवढंच. चट्टे जागा बदलतात हीच तिची ओळख. एकाच जागी ठाण मांडून बसलेला लाल चट्टा म्हणजे नकाशासारखी जीभ नव्हे.

जिभेवर खोल भेगा असणं हेही बहुतेक वेळा जन्मजात ठेवणीचं असतं. भेगांत अन्न अडकतं, म्हणून जीभ हलक्या हाताने साफ ठेवावी.

७. टाळूवर किंवा खालच्या जबड्यात कडक गाठ

टाळूच्या मधोमध किंवा खालच्या दातांच्या आतल्या बाजूला हाडासारखी कडक, गुळगुळीत गाठ लागते. ती खरोखर हाडच असते. काहींच्या जबड्याचं हाड तिथे जास्त वाढतं, आणि तेही वर्षानुवर्षं इतकं हळू की चाळिशीत लक्षात येतं. दुखत नाही. कवळी बसवताना अडचण आली तरच काढावी लागते.

८. जिभेखाली निळ्या-जांभळ्या शिरा

दादा-दादी, नाना-नानी यांच्या जिभेखाली फुगलेल्या निळ्या शिरा दिसतात. वयाप्रमाणे शिरा सैल होतात. दुखत नसतील, रक्त येत नसेल तर काही करावं लागत नाही.

९. हिरड्यांवर काळपट-तपकिरी रंग

आपल्याकडे अनेकांच्या हिरड्या गुलाबी नसतात, काळपट असतात. कातडीला रंग देणारं द्रव्यच हिरडीत असतं. लहानपणापासून असेल, दोन्ही बाजूंना सारखं असेल, तर तो तुमचा नैसर्गिक रंग आहे. दातात चांदी भरलेली असेल तर तिचे बारीक कण हिरडीत जाऊनही राखाडी-निळा डाग राहतो. मात्र मोठेपणी नव्याने उठलेला, वाढत जाणारा, वेडावाकडा काळा डाग दिसला तर तो दाखवावाच लागतो.

हे त्रास देतात, पण बहुतेक वेळा बरे होतात

छाले किंवा तोंड येणं : गालाच्या आत, ओठाच्या आत किंवा जिभेखाली लहान गोल जखम, मध्ये पिवळट-पांढरी, कडेला लाल. दुखतं भरपूर. चावा लागणं, जागरण, ताण, पाळीच्या आसपासचे दिवस, लोह किंवा बी-12 कमी असणं, अशी कारणं असतात. साधा छाला 7 ते 14 दिवसांत भरतो. वारंवार येत असतील तर दरवेळी मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्स आणण्यापेक्षा एकदा रक्त तपासा.

ओठाच्या आत पाण्याची गाठ : खालचा ओठ दाताखाली आला की लाळेची बारीक नळी तुटते आणि लाळ साठून निळसर मऊ फुगा येतो. फुटतो, पुन्हा भरतो. धोका नाही, पण सुईने फोडू नका. परत परत येत असेल तर दंतवैद्य छोट्या शस्त्रक्रियेने काढतात.

पुसलं जाणारं पांढरं : दह्याच्या साक्यासारखा पांढरा थर कापडाने पुसला जातो आणि खाली लाल दिसतं. ही बुरशी असते. तान्ह्या बाळांत, मधुमेह ताब्यात नसलेल्यांत, रात्रंदिवस कवळी घालून राहणाऱ्यांत आणि दम्याचा पंप घेणाऱ्यांत जास्त दिसते. औषधाने बरी होते. पंप घेतल्यावर चूळ भरा, कवळी रात्री काढून पाण्यात ठेवा. कारण नसताना मोठ्या माणसाला बुरशी होत राहिली तर साखर तपासा.

दातदुखीत स्वतः करून घेतलेला चट्टा : दुखऱ्या दाताजवळ वेदनाशामक गोळी चेपून ठेवायची सवय अनेक घरांत आहे. ती गोळी हिरडी भाजते आणि पांढरा चट्टा पडतो. गोळी पाण्यासोबत गिळायची असते.

लहान मुलांबाबत दोन गोष्टी

नवजात बाळाच्या टाळूवर किंवा हिरडीवर पांढरे मोत्यासारखे दाणे दिसतात. "दात घेऊन जन्मला" असं म्हणत घरातल्या बायका ते कापडाने घासायला जातात. कृपया असं करू नका. काही आठवड्यांत ते आपोआप जातात. घासल्याने जखम होते आणि जंतू शिरतात.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. मुलाला ताप, खोकला, नाक गळणं, लाल डोळे आणि त्यासोबत दाढांसमोर गालाच्या आत मिठाच्या कणांसारखे बारीक पांढरे ठिपके आणि भोवती लाली दिसली, तर तो गोवर असू शकतो. अंगावर पुरळ यायच्या एक-दोन दिवस आधी हे ठिपके येतात. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवरची साथ आली आणि लहान मुलांचे जीव गेले, हे आपण विसरलेलो नाही. अशा मुलाला लगेच डॉक्टरांकडे न्या आणि बाकीच्या मुलांपासून वेगळं ठेवा. गोवर-रुबेलाची लस सरकारी केंद्रात मोफत मिळते : पहिला डोस 9 ते 12 महिन्यांत, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. राहिला असेल तर आशाताईंना विचारा.

आता ज्या खुणांना वेळ द्यायचा नाही

भारतात पुरुषांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर ओठ आणि तोंडाचा आहे. यामागचं मोठं कारण सगळ्यांना माहीत आहे : तंबाखू आणि सुपारी. विदर्भात खर्रा, इतरत्र मावा, गुटखा, चुना-तंबाखू, कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात घरातल्या बायकांची मिश्री. नावं वेगळी, परिणाम एकच.

महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. पण पुडी कुठे मिळते हे गल्लीतल्या पोरालाही ठाऊक असतं. "मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो" असं सांगणारे खूप भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2004 साली सुपारीलाच, तंबाखू नसली तरी, माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. लग्नात पाहुण्यांपुढे फिरणाऱ्या गोड सुपारीच्या तबकातून लहान मुलं मूठभर उचलतात, तेव्हा हे आठवावं.

पुढील खुणांपैकी एक जरी असेल तर दाखवा :

- दोन आठवड्यांत न भरलेली जखम. दुखत असो वा नसो.
- पुसून न जाणारा, ताणूनही न हलणारा पांढरा चट्टा. विशेषतः तंबाखू धरण्याच्या जागी. असा प्रत्येक चट्टा कॅन्सर होत नाही, पण कोणता होईल हे डोळ्यांनी सांगता येत नाही.
- मखमलीसारखा लाल चट्टा. पांढऱ्यापेक्षा लाल चट्टा जास्त धोक्याचा. लाल-पांढरा मिसळलेलाही तसाच.
- तोंड कमी उघडणं आणि तिखटाने आग होणं. गालाचं अस्तर पांढुरकं, ताठ, आतून दोऱ्या ताणल्यासारखं लागतं. हा सुपारीमुळे होणारा आजार आहे. आज विशी-तिशीतल्या मुलांतही तो दिसतो.
- कडक कडेची गाठ किंवा जखम, जिला हात लागला की रक्त येतं.
- कारण नसताना हललेला दात, किंवा दात काढल्यावर न भरणारा खड्डा, किंवा अचानक सैल-घट्ट होणारी कवळी.
- ओठ, जीभ किंवा हनुवटी बधीर होणं.
- मानेत गाठ, गिळायला त्रास, बसलेला आवाज, एकाच कानात दुखणं, जे दोन-तीन आठवड्यांनंतरही जात नाही.

आमच्या घरांमध्ये सर्वांत जास्त घात करणारं वाक्य म्हणजे "दुखत नाही ना, मग राहू दे." साधा छाला खूप दुखतो. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. दुखायला लागतो तेव्हा तो बराच आत गेलेला असतो. म्हणून दुखण्यावरून ठरवू नका, दिवस मोजा.

तीन बोटांची चाचणी

स्वतःच्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकमेकांना चिकटवून उभी धरा. तोंड पूर्ण उघडून पुढच्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये ती तीन बोटं घाला. आरामात गेली तर ठीक. दोनच जात असतील, आणि सुपारी, मावा, गुटखा यांची सवय असेल, तर आजच सुपारी सोडा आणि दंतवैद्यांना भेटा. ताठ झालेलं अस्तर पूर्वीसारखं मऊ होणं कठीण असतं. पण सवय सुटली, इलाज आणि तोंडाचा व्यायाम वेळेवर सुरू झाला, तर पुढचं नुकसान रोखता येतं.

महिन्यातून पाच मिनिटं : घरी तोंड कसं बघायचं?

१. हात धुवा. कवळी असेल तर काढा. आरशासमोर, चांगल्या उजेडात किंवा मोबाइलच्या टॉर्चमध्ये उभे राहा.
२. ओठ बाहेर उलटवून वरचा आणि खालचा भाग बघा. हिरड्या पुढून बघा.
३. बोटाने एकेक गाल बाजूला ओढून थेट अक्कलदाढेपर्यंत बघा. तंबाखू धरायची जागा विसरू नका.
४. जीभ बाहेर काढा. टोक स्वच्छ कापडात धरून डावीकडे, मग उजवीकडे ओढा आणि दोन्ही कडा शेवटपर्यंत बघा.
५. जीभ टाळूला लावून खालचा भाग बघा.
६. डोकं मागे टाकून टाळू बघा.
७. गालाची आतली बाजू, जीभ आणि जिभेखालचा भाग बोटाने चाचपा. कडक काही लागतं का? मग जबड्याखाली आणि मानेच्या दोन्ही बाजू चाचपा.

दोन्ही बाजूंची तुलना करत जा. जे दोन्हीकडे सारखं आहे ते बहुतेक वेळा निसर्गाचं असतं. जे एकाच बाजूला आहे त्यावर लक्ष ठेवा. शंका आली तर फोटो काढा आणि तारीख लिहा. चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढा. तसंच असेल किंवा वाढलं असेल तर तोच फोटो घेऊन दवाखान्यात जा. अब्बा-अम्मींना नीट दिसत नसेल तर त्यांचं तोंड घरातल्या मुला-मुलींनी बघावं. नातवाने टॉर्च धरला तर आजोबाही नाही म्हणत नाहीत.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय होतं?

पहिली भेट दंतवैद्याची पुरेशी आहे. ते जखमेजवळ एखादा टोकदार दात किंवा कवळीची कड घासते का, हे बघतात. तसं असेल तर दात घासून गुळगुळीत करतात आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. ही दुसरी भेट चुकवू नका. खरा निकाल तिथेच लागतो.

तरीही जखम राहिली तर तुकडा काढून तपासणी, म्हणजे बायोप्सी सुचवतात. जागा बधीर करून छोटासा तुकडा घेतात, त्याच दिवशी घरी पाठवतात. "सुरी लावली की कॅन्सर पसरतो" ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. ती खोटी आहे. तुकडा काढल्याने आजार पसरत नाही. तपासणी लांबवल्याने मात्र तो नक्की वाढतो. या एका समजुतीपायी लोक महिनोन्‌महिने झाडपाला, मलम आणि ऐकीव इलाजांत घालवतात, आणि शेवटी जबडा काढायची वेळ येते.

नुसत्या डोळ्यांनी तोंड तपासण्याचा किती फायदा होतो, हे केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात झालेल्या मोठ्या अभ्यासातून दिसलं. 2005 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन तोंडं तपासली, तेव्हा तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्या लोकांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. त्यासाठी महागडं मशीन लागलं नाही. उजेड आणि शिकवलेली नजर एवढ्यावर काम झालं.

कुठे जायचं, खर्चाचं काय?

तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांची तोंडाची तपासणी सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात येते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात विचारा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालयही आहे. कॅन्सरची शंका पक्की झाली तर मुंबईत परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल 1941 पासून रुग्णसेवेत आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. पैशाच्या भीतीने पहिली तपासणी टाळू नका.

महिलांना लेडी डॉक्टरकडे दाखवायचं असेल तर नंबर लावतानाच तसं सांगा. दंत महाविद्यालयांत महिला डॉक्टर असतात. मिश्री लावणाऱ्या खाला, फुफू, दादी यांना कोणी "तंबाखू खाणारे" म्हणून धरत नाही, त्यामुळे त्यांचं तोंड कधीच तपासलं जात नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात साफ करायला मिसवाक आहे, ब्रश आहे.

रमजानमध्ये रोज्यात तोंड कोरडं पडतं, जिभेवर पांढरा थर येतो, वास येतो. हे तात्पुरतं असतं. इफ्तार ते सहरी भरपूर पाणी प्या आणि जीभ साफ ठेवा. पण वर दिलेल्या यादीतली खूण दिसली तर "ईद झाली की बघू" म्हणू नका. संध्याकाळी इफ्तारनंतर उघडे असणारे दवाखाने भरपूर आहेत.

सवय सोडताना

तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356 हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप बिघडते, तोंडात काहीतरी हवंसं वाटतं. बडीशेप, वेलची, लवंग जवळ ठेवा. "सुगंधित" लिहिलेली पुडी मात्र नको. घरच्यांनी टोमणे मारू नयेत. रोजा ठेवणारा माणूस दिवसभर पुडीशिवाय राहू शकतो, हे तो स्वतःच दर वर्षी महिनाभर दाखवून देतो. तोच महिना सोडण्याची सुरुवात ठरू शकतो.

थोडक्यात लक्षात ठेवा

- दोन्ही बाजूंना सारखं, वर्षानुवर्षं तसंच, न दुखणारं, न वाढणारं : बहुतेक वेळा निरुपद्रवी.
- ओठावरचे पिवळसर दाणे : तेलग्रंथी. रोग नाही, संसर्ग नाही.
- जागा बदलणारे जिभेवरचे चट्टे : घाबरू नका.
- एकाच बाजूला, नव्याने आलेलं, वाढणारं, रक्त येणारं : दाखवा.
- दोन आठवडे झाले आणि तसंच आहे : दुखत नसलं तरी दाखवा.
- तीन बोटं तोंडात जात नाहीत : सुपारी आजच बंद.

हा लेख वाचून ज्यांची रात्रीची झोप परत आली त्यांचा आम्हाला आनंद आहे. पण वाचून झाल्यावर एक काम करा. घरात जो माणूस "मला काही नाही" म्हणतो आणि ज्याच्या खिशात पुडी असते, त्याला आज संध्याकाळी उजेडात बसवा आणि तोंड उघडायला सांगा.